ठमाकाकीची विलापिका

ठमाकाकी आल्याशिवाय किन्हवलीतल्या आमच्या आळीत कुणाला नीट मरता येत नसे. डॉक्टर मान हलवून गेलेला असे, शहापूरच्या पाहुण्यांना फोन झालेले असत, बांबू आणायला माणूस सुटलेला असे, पण घरातल्या बायका तोंडाला पदर लावून नुसत्या मुसमुसत बसलेल्या. मग कुणीतरी म्हणे, "ठमाकाकीला सांगितला का?" आणि ती येईपर्यंत सगळं अडून राही. ती यायची, उंबऱ्याशी चप्पल काढायची, घरभर एकदा नजर फिरवायची आणि गेलेल्याला नात्यानं हाक मारून असा काही हेल काढायची की नाक्यावरचा चहावाला किटली तशीच हातात धरून उभा राहायचा. त्यानंतरच तो माणूस खरोखर गेला असं गाव धरायचं.

हे सगळं आटोपून ती घरी आली की मागच्या मोरीत आंघोळ करायची आणि ओले केस पुसत मला विचारायची, "कसा झाला गो?" पहिल्यांदा तिनं असं विचारलं तेव्हा मी गडबडले. मयताला जाऊन आलेल्या बाईला काय सांगायचं, की छान झालं? पुढे मात्र मी बिनधास्त मत द्यायला लागले. एकदा मी म्हणाले, "काकी, आजारपणाचं जरा लांबलं." तिनं विचार केला आणि मान्य केलं. "व्हय. दवाखान्यात जास्त येल घातला मी. दवाखान्यात सगली माणसा सारखीच दिसतात."

मी तिची भाडेकरू. किन्हवलीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला लागले आणि कल्याणहून रोज ये-जा करून महिनाभरात दमले. तेव्हा कॉलेजच्या शिपायानं मला काकीच्या मागच्या खोलीत आणून सोडलं. काकीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आणि सून नोकरीच्या सोयीनं आसनगावला राहत, मुलगी लग्न होऊन सासरी. काकी एकटी, सत्तरीच्या आसपासची, बुटकी, काटक, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं आणि बोलताना उडणाऱ्या भुवया. तिनं मला पहिला प्रश्न विचारला, "काय शिकवतस?"

"मराठी."

"मराठी शिकवायला लागता?"

इतक्या निर्मळपणे विचारलं की रागही येईना. तेव्हापासून तिनं मला 'मास्तरीण' नाव ठेवलं, आणि त्या नावात कीवच जास्त होती.

कुणाला वाटेल, अशी बाई दुःखी असेल. अजिबात नाही. तिच्याइतकी हसरी बाई मी दुसरी पाहिली नाही. लग्नात हळद कुटायला ती पुढे, नवऱ्या मुलाच्या आत्यावर चावट गाणी रचायला ती पुढे. जेवायला तर सगळ्यांच्या पुढे. मयताचा निरोप आला की आधी दोन भाकऱ्या आणि वाटीभर सुकट खायची, मग निघायची. मी एकदा आश्चर्यानं बघत राहिले तर म्हणाली, "उपाशी रडला तर आवाज फाटतो. रडायला पोट भरलेला लागता, मास्तरीण."

तिचा एक नियम होता. हेल काढताना खोटं बोलायचं नाही. गावात बुधाजी नावाचा एक भांडकुदळ म्हातारा होता. भावाशी भांडण, पोस्टमनशी भांडण, एसटीच्या कंडक्टरशी तर रोजचंच. पहाटे पाचला ओट्यावर उभा राहून तो सगळ्या आळीला शिव्या घालायचा. तो गेला तेव्हा दुःखापेक्षा उत्सुकता जास्त होती, की ठमाकाकी याच्याबद्दल खरं आणि चांगलं असं काय बोलणार? मी रजा टाकून गेले होते, खोटं कशाला सांगू. काकी उंबऱ्याशी बराच वेळ थांबली. मग आत जाऊन बसली आणि सुरुवात केली, "ऊठ रे बुधाजी दादा, उजाडला! आता आमाला जागा कोण करील रे! कोंबडा झोपला तरी तू नाय झोपलास!" मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आणि सकाळपासून दगडासारखी बसलेली बुधाजीची बायको एकदम हंबरडा फोडून रडायला लागली.

घरी येताना काकी म्हणाली, "गुणाचा होता, देवमाणूस होता असा बोलले असते तर ती रडली नसती. तिला वाटला असता, दुसऱ्याच कुणाचा चाललाय. बायकोला नवरा वळखू यायला पायजे ना?"

यासाठी ती जिवंत माणसांचा साठा करून ठेवायची. बाजारात, लग्नात, रेशनच्या रांगेत ती माणसांकडे टक लावून बघायची. कोण चालताना उजवा खांदा पाडतो, कोण पाणी पिताना डोळे मिटतं, कोण दुसऱ्याच्या घरी गेलं की आधी घड्याळ बघतं. गावातली शहाणी माणसं तिच्यासमोर जरा जपून वागत. एकदा चहा पिताना मला म्हणाली, "तू बिस्कूट बुडवून इसरतस. मंग बोटांनी काढतस. ध्यानात ठेवलाय मी." माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

तिच्या बोलण्यात सगळ्यांची नावं असायची. मेलेल्यांची, जिवंतांची, म्हशींची, अगदी गावातून पळून गेलेल्या एका कुत्र्याचीसुद्धा. फक्त एका माणसाला नाव नव्हतं. त्याला ती 'टोकावड्याचा' म्हणायची. "असली कोकमा टोकावड्याच्याकडं व्हायची." "टोकावड्याचा बारका होता तवा लय भित्रा." हा तिचा सख्खा धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वाढवलेला. मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावर टोकावड्याला त्याची शेती होती, आणि बारा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण शेजारणीनं सांगितलं. काकीच्या मुलीचं लग्न. आमच्याकडे नवरीला मांडवात आणायचा आणि तिच्या पाठीशी उभं राहायचा मान मामाचा. वऱ्हाड आलं, भटजींनी घाई लावली, आणि मामाचा पत्ता नाही. शेवटी काकीच्या चुलतभावाला उभं केलं आणि अक्षता पडल्या. दोन तासांनी मामा आला, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. शेजाऱ्याची म्हैस अडली होती, तिला सोडवत बसला होता. आपल्या जागी दुसरा माणूस उभा राहिल्याचं त्याला कळलं. त्यानं भाचीची साडी मांडवाच्या खांबाशी ठेवली आणि न जेवता परत गेला.

"मांडवातून उपाशी गेला," काकी एवढंच म्हणायची. आणि वर, "मुहूर्त थांबत नाय. म्हैस थांबली असती." तिकडून नातेवाइकांमार्फत उत्तर आलेलं होतं, "मुहूर्त भट ठरवतो. म्हैस कुणाचा आयकत नाय." हे दोन निरोप बारा वर्षं किन्हवली ते टोकावडे फिरत होते. दोघांनाही बोलायचं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्न एवढाच की आधी कोण बोलणार.

प्रथम वर्षाच्या मुलांना एक विलापिका होती. जुन्या वळणाच्या एका कवीनं आपल्या बालमित्राच्या मृत्यूवर लिहिलेली, चौदा कडव्यांची. कवीचं नाव सांगत नाही, कारण त्याची काही चूक नव्हती. चूक शिकवणारीची होती. मी फळ्यावर विलापिकेची पाच लक्षणं लिहिली, प्रत्येक लक्षणापुढे एक उदाहरण लिहिलं, आणि मुलांनी ते वहीत उतरवून पेन बंद केलं. कवी नदीला विचारतो, पिंपळाला विचारतो, पायवाटेला विचारतो, की माझा सखा कुठे गेला. मी म्हणाले, "ही चेतनगुणोक्ती." मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, पायवाटेला काय विचारतोय? लोकेशन पाठव म्हणावं." अख्खा वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण मी रागावल्याचं नाटक केलं.

संध्याकाळी ओटीवर बसून मी ती कविता मोठ्यानं वाचत होते. दुसऱ्या दिवशी तरी काहीतरी धड सांगता यावं म्हणून. काकी समोर वाल सोलत बसली होती. तिसऱ्या कडव्याला तिचे हात थांबले. "परत वाच."

मी परत वाचलं.

"बाई हाय का बाप्या?"

"कोण?"

"रडणारा."

"पुरुष आहे. कवी आहे."

"बरा रडतो," ती म्हणाली. एका जाणकारानं दुसऱ्याला द्यावी तशी ती दाद होती. मग मी तिला मुलांचा प्रश्न सांगितला, की हा पायवाटेला कशाला विचारतोय. काकीनं माझ्याकडे असं पाहिलं की कॉलेजात नोकरी कशी मिळाली हिला.

"माणसाला इचारला तर तो उत्तर देल. मेला तो, असा सांगल. उत्तर नको असला का झाडाला इचारायचा."

मी पेन उघडलं. खरंच उघडलं. आणि त्या संध्याकाळी वाल सोलत, शेंगा फेकत, मधेच कोंबडीला हाकलत ठमाकाकीनं मला ती विलापिका शिकवली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच ओळ का येते? मी वहीत 'ध्रुपदामुळे भावाची तीव्रता वाढते' असं लिहून ठेवलं होतं. काकी म्हणाली, "एक तर बाकीच्या बायांना दम घ्यायला येल मिळतो. दुसरा म्हणजे, पयल्या येळेला कोण आयकत नाय. दुसऱ्या येळेला खरा वाटत नाय. तिसऱ्या येळेला मंग कलता." कवी मित्राच्या विद्वत्तेबद्दल एकच ओळ लिहितो आणि त्याच्या तुटक्या वहाणेबद्दल अख्खं कडवं, असं का? "इद्वान लय असतात. तुटकी व्हान एकाचीच."

मग ती म्हणाली, "नाव काय त्याचा?"

"कवीचं?"

"मेलेल्याचा. एवढा येल झाला, तो सखा सखा करतोय. हाक मारायची तर नावानं मारावी."

मी पुस्तक चाळलं. चौदा कडव्यांत मित्राचं नाव एकदाच होतं, अगदी शेवटच्या ओळीत. मी तिला ते सांगितलं. काकीनं हातातली शेंग बराच वेळ सोललीच नाही.

"भांडले होते ते," ती म्हणाली.

"कोण?"

"हे दोघा. बोलत नव्हते. बोलत नसला का नाव जिभंवर येत नाय. बाकी सगला येता, नाव नाय येत."

मी हसून म्हणाले, "काकी, असं कुठे लिहिलेलं नाही." प्रस्तावनेत नव्हतं, टिपांत नव्हतं, आमच्या विभागप्रमुखांच्या पिवळ्या पडलेल्या नोट्समध्येही नव्हतं. ती म्हणाली, "बघ नीट." मी पाचवं कडवं पुन्हा वाचलं. 'दोन पावसाळे दार न मी उघडिले.' दोन वर्षं मी ही ओळ निसर्गवर्णन म्हणून शिकवत होते! पावसामुळे दार बंद, असं. आत कवी बसला होता आणि बाहेर मित्र दार वाजवत होता हे मला दिसलं नव्हतं, आणि एक अक्षरही न वाचता येणाऱ्या बाईला वाल सोलता सोलता दिसलं. मला लाज वाटली आणि आनंदही झाला. आनंद जास्त.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्याला हातच लावला नाही. भांडण सांगितलं, दार सांगितलं, नाव सांगितलं. मागचा बाक गप्प. मग कोपऱ्यातली एक मुलगी, जिनं वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं, उभी राहिली. "मॅडम, मंग तो जित्ता होता तवाच दार का नाय उघडला?"

घंटा झाली म्हणून सुटले.

संध्याकाळी काकीला मी मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं, आणि त्या मुलीचा प्रश्नही सांगितला. शपथेवर सांगते, माझ्या मनात काही नव्हतं. काकी तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पण त्यातून कोंड्याबरोबर तांदूळही खाली पडायला लागले.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "मास्तरीण, रविवारी मुरबाडला येतस का? मला चष्मा करायचा हाय."

"शहापूरला करू की. जवळ आहे."

"शापूरचे चष्मे मला लागत नाय."

तिनं आयुष्यात चष्मा घातलेला नव्हता. रविवारी ती इस्त्रीचं लुगडं नेसली आणि एका पिशवीत कोकमं, वालाचं बिरडं आणि एक नारळ घेतला. चष्म्याच्या दुकानात नारळ कशाला, हे मी विचारलं नाही. मुरबाडच्या स्टँडवर उतरल्यावर ती चष्म्याच्या दुकानाकडे न जाता माळशेजच्या बाजूला जाणाऱ्या बसजवळ जाऊन उभी राहिली. वर बघत म्हणाली, "ही कुटं जाते गो?"

"टोकावड्यावरून जाते."

"बस मोकळी हाय," ती म्हणाली आणि चढली.

वाटेत काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत होती. मी तिच्या शेजारी होते, खिडकी तिच्याकडे. टोकावड्याच्या अलीकडे बस जरा हळू झाली आणि काकी ताठ झाली. रस्त्याच्या कडेला बांबूंना एक मोठा फ्लेक्स बांधला होता. त्यावर एका म्हाताऱ्याचा फोटो, गळ्यात झेंडूचा जाड हार, चारी बाजूंनी फुलं, आणि खाली ओळीनं दहा-बारा पोरांचे हात जोडलेले फोटो. मी वळून खालची अक्षरं वाचेपर्यंत बस पुढे गेली होती. फाट्यावर बस थांबली. काकी उठली, माझ्या मांडीवरून पिशवी ओढून घेतली आणि दारातून खाली गेली. "काकी!" मी ओरडले. ती थांबली नाही. सत्तर वर्षांची बाई फाट्यावरून आत जाणाऱ्या वाटेनं चक्क पळत होती.

मी मागे धावले. वाटेवर एका घराच्या अलीकडे तोच फ्लेक्स दुसऱ्यांदा लावलेला होता, आणि या वेळी मी तो वाचला. 'आमचे मार्गदर्शक, तंटामुक्ती अध्यक्ष श्री. लडकू यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' खालची हात जोडलेली पोरं शुभेच्छुक होती. त्या दिवशी एक जानेवारी होती, आणि जन्मतारीख ठाऊक नसलेल्या निम्म्या गावाची आधार कार्डावर तीच तारीख असते. हार कुठल्याशा सत्कारातला असणार. काकीला वाचता येत नव्हतं, पण फोटो, हार आणि जोडलेले हात यांचा अर्थ तिला चांगला कळत होता. तो अर्थ या वेळी चुकला होता.

मी ते वाचेस्तोवर अंगणातून आवाज आला.

"लडकू रे ऽऽऽ! माज्या लडकू ऽऽऽ!"

बारा वर्षांत पहिल्यांदा ते नाव तिच्या तोंडून निघालं. मला तिला थांबवता आलं असतं. पन्नास पावलं तर होती. मी थांबवलं नाही, खरं तेच सांगते.

ती अंगणाच्या मधोमध बसली होती. "कैऱ्या पाडायचास रे लडकू, कच्च्या खाली टाकायचास नि पाडाच्या वरच खायचास! मी बोलले नाय कुणाला! तुजी पाटी मी धुवायची, शाळंत तू जायचास! पावसात भ्यायचास, माज्या पाठीला चिकटून झोपायचास!" आमच्याकडची रीत अशी की हेल ऐकू आला की आधी सूर धरायचा आणि मग विचारायचं कोण गेलं. आजूबाजूच्या घरांतून हात पुसत बायका धावत आल्या. लडकूमामाला तासाभरापूर्वी नळावर पाणी भरताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या दोघी म्हाताऱ्या काकीच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी सरळ सूर धरला. एकीच्या हाताला पीठ होतं. दुसरी रडता रडताच तिला विचारत होती, "कवा गेला गो?"

"मांडवातून उपाशी गेलास रे! तुजा पान तीन दिस झाकून ठेवला मी!" काकीचा आवाज फाटला. त्या दिवशी ती उपाशी निघाली होती. "म्हैस थांबली नसती रे लडकू! मला म्हाईत होता! माज्याच हातानं इतक्या म्हशी सोडवल्या, मला नसंल म्हाईत तर कुणाला? थांबली नसती रे ती! बोलायला आले मी आज, चष्म्याचा खोटा सांगून आले, नि तू मला..."

मागच्या दारातून लडकूमामा आला. वाढदिवसाला केक कापायचा म्हणून नातू त्याची दाढी करत होता. एक गाल गुळगुळीत, एका गालावर पांढरा फेस. त्यानं बहिणीला पाहिलं, भोवतीच्या बायकांना पाहिलं, आणि मी मेले तरी विसरणार नाही, 'मी जिवंत आहे' असं तो म्हणाला नाही. तो हळूच पायरीवर बसला. हात गुडघ्यांत घेतले आणि ऐकत राहिला. सूर धरलेल्या दोघींपैकी एकीनं त्याला पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं, आवाज बंद. काकीचे डोळे मिटलेले होते. ती पुन्हा तेच म्हणाली, "म्हैस थांबली नसती रे!"

"आन मुहूर्तपन थांबला नसता, ठमे," लडकूमामा म्हणाला.

काकीनं डोळे उघडले. ती त्याच्याकडे बघत राहिली, त्याच्या फेसाकडे, हाताकडे, पुन्हा तोंडाकडे. मग तिनं शेजारची पिशवी उचलली आणि त्याला फेकून मारली. नारळ होता तिच्यात. नशीब, नेम चुकला.

"मेला नायस तर बोर्ड कशाला लावलास?"

"वाडदिवस हाय गो माजा! पोरांनी लावला."

"कसला वाडदिवस? तू शिमग्यात जन्मलास! मी होते तिथं!"

आणि मग पहिलं कोण हसलं ते मला सांगता येणार नाही, बहुतेक पिठाच्या हाताची म्हातारी. पण पाच मिनिटांत अख्खी आळी पोट धरून हसत होती आणि ती दोघं बहीणभाऊ हसता हसता इतकी रडली की फेस सगळा लुगड्याला लागला. सूर धरलेली दुसरी म्हातारी तेवढी रुसली. "माजा रडना फुकटचा गेला," असं म्हणत होती. तिला केकचा मोठा तुकडा देऊन गप्प केलं. फ्लेक्सवरची ती तंटामुक्तीची ओळ मी मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा लडकूमामाच्या सुनेनं पदर तोंडात कोंबला.

काकी त्या दिवशी परत आली नाही. मला पाचच्या बसनं जायचं होतं. पुढच्याच आठवड्यात मला दुसरीकडे नोकरी मिळाली, मी खोलीची किल्ली शेजारणीकडे दिली, तरी ती टोकावड्यालाच होती. आता फोन करते अधूनमधून. पण डोळ्यांना दिसली ती तेव्हाची शेवटची.

दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. सुनेला बाजूला सारून काकी चुलीपुढे बसली होती, भाकऱ्या थापल्याचा आवाज बाहेर येत होता. लडकूमामा आणि मी ओटीवर. त्याची दाढी अजून अर्धीच होती. सगळे पांगल्यावर तो माझ्याकडे सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमी तिच्याकडं राहता ना? तिनं मधीच सोडला. पुढं काय बोलली असती?"

मी म्हणाले, "मला नाही माहीत, मामा. शेवट मी कधी नीट ऐकला नाही. तोवर पुरुष उचलायची घाई करतात."

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "आमची आजी रडायची तवा शेवटाला मेलेल्याला जेवायला हाक मारायची. तीनदा. ऊठ, भाकर वाढली, अशी. तो काय उठत नाय. मंग बायांना समजता का आता संपला."

आतून काकीचा आवाज आला, "लडकू, ऊठ. भाकर वाढली."

साधी हाक होती, रोज घराघरांतून येते तशी. लडकूमामा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आणि खोडी दोन्ही होतं. तो हलला नाही.

"लडकू, ऊठ रे! निवला सगला!"

मी उठायला लागले तर त्यानं हातानं मला थांबवलं.

तिसऱ्या वेळेला ती स्वतःच दारात आली. हाताला पीठ, कपाळावर राखेचा पट्टा, भुवया वर गेलेल्या. "लडकू! मेलास काय तिथंच? ऊठ!"

आणि लडकूमामा उठला.